आरोग्याच्या पेपरात ९२ गुण, झोप मात्र पाच तास

पत्र

ताई, नमस्कार.

मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वसतिगृहात राहते. आम्हाला आरोग्य शिक्षणाचा सक्तीचा पेपर होता. त्यात मला ९२ गुण मिळाले. गेल्या महिन्यात विद्यापीठात आरोग्य सप्ताह झाला. झोपेवरचं पोस्टर मी केलं होतं. ‘रोज ७ ते ९ तास झोप घ्या’ असं त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. ते रंगवायला मी पहाटे पाचपर्यंत जागले आणि तीन तासांच्या झोपेवर दिवसभर त्याच्यासमोर उभी राहून सगळ्यांना झोपेचं महत्त्व सांगत होते. पहिल्या वर्षाच्या एका मुलीने विचारलं, “तुम्ही किती वाजता झोपता?” मी खोटं बोलले.

खरं म्हणजे मी तीनला झोपते, आठला उठते आणि साडेआठच्या तासाला पोहोचते. सुट्टीच्या दिवशी चारला झोपून दुपारी एकला उठते. नाश्ता होत नाही. दिवसाला चार कॉफी होतात, शेवटची रात्री नऊला. आतापर्यंत पाच वेळा वेळापत्रक केलं: पाचला उठायचं, धावायचं, ध्यान करायचं, साखर बंद, दहाला फोन बंद. सगळ्यात जास्त टिकलं ते नऊ दिवस. दहाव्या दिवशी एकदा उशिरा उठले आणि सगळंच सोडून दिलं.

मला सगळं माहीत आहे, तरी जमत नाही. माझ्यात इच्छाशक्तीच नाही का? की मी ढोंगी आहे? रात्रीचा वेळच तेवढा माझा वाटतो, तोही सोडायचा का?

— ९२ गुणवाली

ता. क. हल्ली तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत जाताना धाप लागते. केसही खूप गळतात. पाळी आठ दिवस चालते, रात्री पॅड बदलायला उठावं लागतं, पण ते पहिल्यापासूनच तसं आहे. व्यायाम नसल्यामुळे दम लागत असेल ना?

उत्तर

तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू ता. क. मध्ये लिहिलीस, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते. झोप, कॉफी, वेळापत्रक हे सगळं मागाहून.

आठ दिवस चालणारी पाळी, रात्री पॅड बदलायला उठावं लागणं, जिना चढताना धाप, गळणारे केस. हे चार मुद्दे एकाच रुग्णाच्या कागदावर दिसले की डॉक्टरांच्या मनात पहिला शब्द येतो तो लोह, म्हणजे लोहाची कमतरता. पाळीचा रक्तस्राव सात दिवसांपेक्षा जास्त चालत असेल, पॅड तास-दोन तासांत भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील किंवा रात्री बदलायला उठावं लागत असेल, तर त्याला जास्त रक्तस्राव म्हणतात. तो पहिल्या पाळीपासून होत असला तरी जास्तच. ‘माझं पहिल्यापासून असंच आहे’ हे वाक्य मी तुझ्या वयाच्या मुलींकडून इतक्या वेळा ऐकलं आहे, की ते ऐकलं की मी आता जास्त सावध होते. पहिल्यापासून असणारा जास्त रक्तस्राव कधी कधी रक्त गोठण्याच्या प्रक्रियेतल्या दोषामुळे असतो. तो वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण तुलना करायला आपल्याकडे दुसऱ्या कुणाची पाळी नसते.

तेव्हा रक्ततपासणी कर. संपूर्ण रक्तगणना, म्हणजे सीबीसी, आणि त्याबरोबर फेरिटिन. फेरिटिन आवर्जून मागून घे. हिमोग्लोबिन म्हणजे तुझ्या रोजच्या वापरातलं लोह, आणि फेरिटिन म्हणजे कोठारात किती शिल्लक आहे त्याचा हिशोब. कोठार आधी रिकामं होतं, हिमोग्लोबिन मग घसरतं. त्यामुळे हिमोग्लोबिन १२ च्या वर आहे म्हणून ‘सगळं ठीक’ असं सांगून परत पाठवलेल्या, पण फेरिटिन तळाला गेलेल्या आणि दिवसभर गळून गेलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. थायरॉइडची तपासणीही त्याच वेळी होऊन जाऊ दे, कारण थकवा, केस गळणं आणि जास्त पाळी ही तिन्ही लक्षणं तिथूनही येऊ शकतात. तपासणीआधी स्वतःच्या मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नकोस. आकडे बदलतात आणि कारण शोधणं अवघड होतं.

आता यातली दुखरी गोष्ट बघ. तू स्वतःला इच्छाशक्ती नसलेली, ढोंगी असं सगळं म्हणून घेतलंस. पहाटे उठून धावायला जमलं नाही म्हणून पाच वेळा स्वतःला नापास केलंस. कदाचित त्या पाचही वेळा तुझ्या रक्तात धावायला लागतो तेवढा प्राणवायू वाहून नेण्याची ताकदच नसेल. तपासणीत काही निघालं नाही तर उत्तमच, मी तुझ्याइतकीच खूश होईन. पण तो निकाल हातात येईपर्यंत धावणं बंद. चाल, हवं तेवढं चाल, धाप लागली तर थांब. छातीत धडधड झाली, चक्कर आली किंवा नुसतं बसल्या जागीही दम लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आता तुझा मूळ प्रश्न: सगळं माहीत असून का जमत नाही?

१९६५ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात हॉवर्ड लेव्हेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. विषय होता धनुर्वाताची लस. विद्यार्थ्यांना माहितीपत्रकं वाचायला दिली. काहींमध्ये साधी माहिती होती, काहींमध्ये अंगावर काटा आणणारी वर्णनं आणि छायाचित्रं. भीतिदायक पत्रक वाचलेल्यांना लस जास्त महत्त्वाची वाटली, ती घेण्याची इच्छाही त्यांनी जास्त बोलून दाखवली. प्रत्यक्षात लस घ्यायला गेले ते जेमतेम ३ टक्के. मग आणखी एका गटाच्या पत्रकात दोनच गोष्टी जास्तीच्या घातल्या: आरोग्य केंद्राच्या इमारतीवर गोल केलेला नकाशा, आणि ‘तुमचं आठवड्याचं वेळापत्रक बघून कधी जाता येईल ते ठरवा’ अशी विनंती. त्या गटातले सुमारे २८ टक्के गेले. घाबरवलं होतं की नव्हतं, याने इथे फरक पडला नाही. आणि हे विद्यार्थी शेवटच्या वर्षाचे होते, ती इमारत कुठे आहे हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं. त्यांना मिळालं ते इतकंच: अमुक दिवशी, अमुक तासानंतर, या रस्त्याने.

२००२ साली ब्रिटिश संशोधकांनी २४८ विद्यार्थ्यांवर असंच व्यायामाबाबत करून पाहिलं. एका गटाला हृदयविकाराबद्दलचं उत्तम माहितीपत्रक दिलं. त्यांची व्यायामाची इच्छा वाढली, पण पुढच्या आठवड्यात व्यायाम केला ३५ टक्क्यांनी. काहीच न दिलेल्या गटातले ३८ टक्के आपले आपण करत होतेच. ज्यांना माहितीपत्रकाबरोबर ‘कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे’ हे लिहायला लावलं, त्यांच्यातले ९१ टक्के व्यायामाला गेले.

तुझे ९२ गुण खरे आहेत, पण ते माहितीचे आहेत, आणि नुसती माहिती सवय अंगी लागायला पुरत नाही, एवढाच याचा अर्थ. तुमच्या पेपरात ‘संतुलित आहाराचे घटक लिहा’ असं विचारलं असणार. ‘तुमच्या विद्यापीठाचं आरोग्य केंद्र किती वाजता उघडतं, आणि त्या वेळेत तुमचा कोणता तास रिकामा असतो?’ असं कुणी विचारलं नसेल. माझं चाललं असतं तर मी पहिला प्रश्न तोच घातला असता आणि उत्तर तपासायला विद्यार्थ्यांबरोबर चालत गेले असते.

ढोंगाचं म्हणशील तर, ढोंगी माणसाला पोस्टरसमोर उभं राहून पोटात कालवाकालव होत नाही. तुला झाली, आणि ती महिनाभराने तू मला लिहून कळवलीस. तो शब्द आता तरी सोड.

तुझी वेळापत्रकं बघितली तर पाचही एकाच कारणाने कोसळली आहेत. प्रत्येकात तू एका रात्रीत पाच सवयी बदलायला निघालीस, आणि त्यातली पहिलीच, तीनला झोपणाऱ्या मुलीने पाचला उठायची, शरीराला न झेपणारी होती. तीनला झोप लागायची ती लागणारच. मग दोन तासांच्या झोपेवर धावणं, ध्यान आणि साखरबंदी असा सगळा डोलारा उभा. नऊ दिवस टिकलं याचंच मला नवल वाटतं. इच्छाशक्ती नसलेल्या मुलीला दोन दिवससुद्धा जमलं नसतं.

म्हणून एकच गोष्ट धरू या, झोप. तीही झोपायच्या वेळेकडून धरायची नाही. उठायच्या वेळेकडून धरायची.

तुझा आठवडा मी कागदावर मांडून बघितला. तासांच्या दिवशी तीन ते आठ, म्हणजे झोपेचा मध्यबिंदू साडेपाच. सुट्टीला चार ते एक, मध्यबिंदू साडेआठ. फरक तीन तासांचा. दर शुक्रवारी रात्री विमानात बसून तीन तासांचा फरक असलेल्या देशात जायचं आणि सोमवारी सकाळी परत यायचं, असं तुझं शरीर जगतं आहे. याला सोशल जेटलॅग म्हणतात. तुझ्या सोमवारांची मला कल्पना करता येते.

यात तुझ्या वयाचाही भाग आहे. जर्मन संशोधक टिल रोनेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवलं की पौगंडावस्थेपासून माणसाचं घड्याळ उशिराकडे सरकत जातं, विशीच्या आसपास सगळ्यात उशिरावर पोहोचतं आणि मग पुन्हा अलीकडे यायला लागतं. म्हणजे आयुष्यातल्या सगळ्यात उशिराच्या घड्याळावर तू आत्ता आहेस, आणि नेमक्या याच वर्षांत साडेआठचे तास लावलेले असतात. शिवाय माणसाचं आतलं घड्याळ मुळातच २४ तासांपेक्षा थोडं लांब, सरासरी दहाएक मिनिटांनी जास्त चालतं. मोकळं सोडलं तर ते रोज थोडं पुढेच सरकणार. त्याला रोज मागे ओढून आणतो तो सकाळचा उजेड. सुट्टीच्या दिवशी एकला उठलीस की तो उजेड हुकतो, दोन दिवसांत घड्याळ आणखी पुढे जातं आणि रविवारी रात्री बाराला आडवी झालीस तरी डोळे टक्क उघडे राहतात.

तर करायचं असं. तासांच्या दिवशी साडेसातला उठायचं. सुट्टीच्या दिवशी फार तर साडेआठला, मग रात्री कितीलाही झोपलेली असो. उठल्यावर पंधरा मिनिटांच्या आत घराबाहेर, म्हणजे खोलीबाहेर, खुल्या आकाशाखाली. ढगाळ असलं तरी बाहेरचा उजेड खोलीतल्या दिव्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतो. वर्गापर्यंत लांबच्या रस्त्याने चालत गेलीस तर हेच तुझं चालणंही झालं. झोपायची वेळ दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आण. तीनवरून सव्वाबारावर यायला साधारण महिना लागेल. त्या महिन्यात दुपारी डोळे मिटायला लागले तर वीस मिनिटं झोपून घे, पण तीनच्या आत, आणि गजर लावून.

कॉफी. झोपेची ओढ निर्माण करणारं अ‍ॅडिनोसिन नावाचं द्रव्य आपण जागे असताना मेंदूत साठत जातं. कॅफिन त्याच्या जागा अडवून बसतं. ओढ कमी होत नाही, ती फक्त जाणवत नाही. घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मं शरीराबाहेर जायला साधारण पाच तास लागतात. तुझ्या रात्री नऊच्या कपातलं निम्मं कॅफिन दोन वाजता रक्तातच असतं. तीन वाजता झोप येते यात आश्चर्य नाही. दुपारी दोनला शेवटचा कप घेतलास तर बारा वाजेपर्यंत पाव भाग उरेल. चार कपांचे लगेच दोन कर असं मी म्हणणार नाही, डोकं दुखेल. आधी रात्रीचा कप दुपारी आण, मग एकेक कमी कर. आणखी एक: कॉफी किंवा चहा जेवणाबरोबर घेतला तर अन्नातलं लोह कमी शोषलं जातं, म्हणून जेवण आणि कॉफी यांत तासाभराचं अंतर ठेव. पाळीसाठी डॉक्टरांनी संप्रेरकांच्या गोळ्या दिल्या तर लक्षात ठेव, त्यातल्या काही गोळ्यांमुळे कॅफिन शरीरात जवळपास दुप्पट वेळ रेंगाळतं.

तू म्हणशील, रात्री अभ्यास होतो त्याचं काय? आठला उठलेली तू रात्री एक वाजता सतरा तास जागी असतेस. सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते, असं १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मोजून दाखवलं. अनेक देशांत तेवढ्यावर गाडी चालवायला बंदी आहे. एक ते तीन या वेळात तू जो अभ्यास करतेस तो त्या अवस्थेतला आहे. वर, दिवसभर वाचलेलं पक्कं होण्याचं काम मेंदू झोपेत करतो, आणि तीच झोप तू त्या दोन तासांसाठी मोडतेस. परीक्षेच्या आदल्या रात्री तर हा व्यवहार फारच तोट्याचा.

पण तुझा खरा प्रश्न अभ्यासाचा नव्हताच. ‘रात्रीचा वेळच तेवढा माझा वाटतो’ असं तू लिहिलंस, आणि त्या वाक्यावर मी बराच वेळ थांबले. दिवसभर तास, प्रॅक्टिकल, गटातली कामं, घरून येणारे फोन, खोलीतली माणसं. बारानंतर कुणी काही मागत नाही. तो वेळ नुसता ‘फोन बंद कर, झोप’ म्हणून हिसकावून घेतला तर तू बंड करणारच, आणि केलंसही. तो वेळ तुला मिळायलाच हवा. फक्त त्याची जागा हलवू या. संध्याकाळी साडेसहा ते साडेसात असा एक तास ठरव, ज्यात कुणाच्या मेसेजला उत्तर नाही, अभ्यास नाही, उपयोगाचं काहीच नाही. बागेत बस, गाणी ऐक, चित्रं काढ. पोस्टर रंगवायला पहाटे पाचपर्यंत जागलीस त्यावरून मला वाटतं, रंगांत तुझा जीव आहे. या तासाचं तुला सुरुवातीला अपराधी वाटेल. वाटू दे. तो मिळायला लागला की रात्रीची ओढ आपोआप सैल होते. फोन रात्री उशापासून दूर, उठून जावं लागेल अशा ठिकाणी चार्जिंगला लाव. गजरही मग उठूनच बंद करावा लागेल. खोलीतली मैत्रीण उशिरापर्यंत दिवा ठेवत असेल तर तिच्याशी भांडू नकोस. ‘माझी रक्ततपासणी चालली आहे, महिनाभर मदत कर’ असं मोकळेपणाने सांग. बहुतेक जणी अशी मदत मनापासून करतात.

आहाराबद्दल मी फार बोलणार नाही, कारण ते तुला पाठ आहे. साखर बंद वगैरे काही करू नकोस. फक्त दुपारच्या आधी काहीतरी पोटात जाऊ दे, ज्यात थोडी प्रथिनं असतील, आणि त्याबरोबर एखादं फळ. फळातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं, म्हणजे ते दोन्हीकडून कामाला येईल. मेसमधून आदल्या रात्री फळ आणून टेबलावर ठेवलंस तर सकाळी विचार करावा लागणार नाही.

व्यायामाचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेचा आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा आकडा तू पेपरासाठी पाठ केला असशीलच. पूर्वी सलग दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल त्यात धरत नसत. २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ती अट काढून टाकली आहे. पाच मिनिटांचं चालणंही आता मोजलं जातं. रक्ताचा प्रश्न सुटला की धावण्याचं बघू.

आणि दहावा दिवस. २१ दिवसांत सवय लागते असं तुला कुणीतरी सांगितलं असणार. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर केलेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर हिशोबाने कुणाला २५४. याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेला म्हणावा असा धक्का बसला नाही. तू दहाव्या दिवशी उशिरा उठलीस याने काहीच बिघडलं नव्हतं. अकराव्या दिवशी साडेसातला उठायचं, इतकंच बाकी होतं.

एक गोष्ट मला विचारायलाच हवी. गेले दोन आठवडे बहुतेक दिवस मन उदास असतं का? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत आता रस वाटेनासा झाला आहे का? दोन्हींपैकी एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर रक्ततपासणीबरोबर समुपदेशकाचीही वेळ घे. आठ देशांतल्या १९ विद्यापीठांमध्ये पहिल्या वर्षाच्या जवळपास १४ हजार विद्यार्थ्यांची पाहणी झाली होती. २०१८ मध्ये आलेल्या तिच्या निष्कर्षांनुसार ३५ टक्के विद्यार्थ्यांमध्ये आयुष्यात कधी ना कधी नैराश्य, चिंताविकार किंवा तत्सम त्रासाची लक्षणं आढळली. तीन मुलांमागे एकाहून जास्त. रात्री न येणारी झोप कधी कधी त्याचंच लक्षण असते, आणि मग नुसती घड्याळाची दुरुस्ती पुरत नाही. जगण्याचा कंटाळा आल्यासारखं, जीव द्यावासा वाटतो असं काही मनात आलं तर वेळ घेण्याची वाट बघायची नाही, त्याच घटकेला कुणा माणसाजवळ जायचं. हे मी तुलाही सांगते आणि हे सदर वाचणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला सांगते.

तुमच्या विद्यापीठालाही मला काही सांगायचं आहे, आणि ते तुझ्यामार्फत पोहोचलं तर बरं. २०१५ साली कॅनडात ‘ओकानागन सनद’ तयार झाली. विद्यापीठांनी आरोग्य हा सप्ताहापुरता कार्यक्रम न ठेवता आपल्या रोजच्या कारभारात, धोरणांत, अभ्यासक्रमात रुजवावा, असं आवाहन तीत आहे. साध्या गोष्टींपासून सुरुवात होते. असाइनमेंट जमा करायची मुदत रात्री ११:५९ ला का असते? ती संध्याकाळी सहाला आणली तर शंभर मुलं त्या रात्री वेळेवर झोपू शकतील, आणि त्याला एक पैसा लागत नाही. तू वर्गाच्या वतीने एका तरी शिक्षकांना हे विचारून बघ. पुढच्या आरोग्य सप्ताहात झोपेचं पोस्टर पुन्हा तुझ्याकडे आलं तर ‘७ ते ९ तास’ हा आकडा बारीक अक्षरांत लिही आणि मोठ्या अक्षरांत आरोग्य केंद्राचा नकाशा काढ. उघडण्याची वेळ, समुपदेशकाची खोली, आणि खाली एक रिकामी ओळ: ‘मी ____ वारी, ____ तासानंतर जाईन.’ शेजारी पेन बांधून ठेव. दिवसा रंगव मात्र.

तुझी स्वतःची ती ओळ आज भर. आरोग्य केंद्र कधी उघडं असतं ते विचार, तुझा कोणता तास रिकामा आहे ते बघ आणि वहीच्या पहिल्या पानावर लिही. एकटीने जायला जड वाटलं तर मैत्रिणीला बरोबर घे. डॉक्टरांना पहिलं वाक्य धाप लागण्याचं सांग, दुसरं पाळीचं. झोपेचं नंतर. गेल्या तीन पाळ्यांच्या तारखा, किती दिवस चालल्या आणि सगळ्यात जास्तीच्या दिवशी किती पॅड लागले, हे कागदावर लिहून ने. घरात आई, मावशी, बहीण कुणाला असाच त्रास आहे का तेही विचारून जा.

रिपोर्ट आला की हिमोग्लोबिन आणि फेरिटिन हे दोन आकडे मला कळव. आणि ती पहिल्या वर्षाची मुलगी जिन्यात किंवा मेसमध्ये भेटली तर तिच्या प्रश्नाचं उत्तर अजून द्यायचं राहिलं आहे. तिला सांग, “सध्या तीनला झोपते. महिनाभरात सव्वाबारावर आणायचा प्रयत्न चालू आहे. तू किती वाजता झोपतेस?”

— तुझी ताई